माझं पाणी, तिचं पाणी

माझं कोरडं वजन एकसष्ट किलो चारशे ग्रॅम आहे. कोरडं वजन म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना भरतं ते. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांना हा आकडा जन्मतारखेसारखा पाठ असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी मी सिंदीहून वर्ध्याला जातो, चार तास मशीनला जोडून पडतो आणि त्या आकड्यावर परत येतो.

हे लिहून काढायला डायलिसिसच्या खोलीतल्या सिस्टरनी सांगितलं. नवीन पेशंट आला की त्याच्या घरचे लोक माझ्याजवळ येऊन बसतात. काका, दिवसाला पाणी किती, तहान कशी सहन करायची, भाजी कोणती चालते. मी सांगतो. पण पेशंटसोबत त्याची बायको किंवा नवरा आला असेल, तर त्यांना एक जास्तीची गोष्ट सांगतो. ती सांगताना दर वेळी मला थोडी लाज वाटते. इथे मुख्यतः तीच लिहिणार आहे. औषधांचं डॉक्टर सांगतील.

नऊ दिवसांत पावणेतीन किलो

मी सिंदीच्या कापूस बाजारात मापारी आहे. आधी भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, माल उतरला की रिकामी गाडी घ्यायची, आणि फरक लिहायचा. बावीस वर्षं हेच केलं. कधी कोणी वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणतो. आकडा पाहून संशय आला की आम्ही गंजीत कोपरापर्यंत हात घालतो. आतली ओल हाताला कळते.

दीड वर्षापूर्वी, दिवाळीनंतर माझी भूक गेली. एका पोळीवर आलो. आणि तरीही बाजारातल्या लहान काट्यावर मी नऊ दिवसांत पावणेतीन किलो जास्त भरलो. खाणं कमी आणि वजन जास्त, हा हिशेब बसत नव्हता. मी तिथेच पँट वर करून नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, आणि मी वीस आकडे मोजले तरी भरला नाही. मालात ओल होती.

वर्ध्याच्या दवाखान्यात रिपोर्ट आला तेव्हा क्रिएटिनिन आठ पूर्णांक सहा होतं. ते साधारण एकच्या आसपास असावं लागतं. डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं की दोन्ही किडन्या मिळून दहा टक्केही काम होत नाही, आणि कदाचित दोन-तीन वर्षांपासून हे हळूहळू चाललं असेल. मी "दहा टक्क्यांहून कमी म्हणजे नेमके किती?" असं विचारलं. माझी बायको वनिता शेजारी होती. तिने विचारलं, "डॉक्टर साहेब, मंग आता याइले जेवाले काय देऊ?"

तिला लिहून दिलं. केळी नाही, नारळपाणी नाही, संत्रं नाही. परतीच्या गाडीत संत्रीवाली आली आणि वनिताने सवयीने पिशवीभर घेतली. एक सोलून माझ्या हातात फोड ठेवली आणि मग तिचा चेहरा पडला. ती फोड तिने परत घेतली, पिशवी बांधली आणि समोर लेकरू घेऊन बसलेल्या बाईच्या मांडीवर ठेवून दिली. ती बाई म्हणाली, "काऊन व ताई, आंबट हायेत का?" वनिता म्हणाली, "नाई, गोड हायेत." आणि खिडकीकडे तोंड करून सेवाग्रामपासून सिंदीपर्यंत बसली.

रडली ती एवढाच वेळ. नंतर ती माझ्यासमोर रडली नाही.

एक लिटर

माझ्या वाट्याला दिवसाला एक लिटर पाणी आलं. त्यात चहा आला, वरण आलं, गोळ्यांसोबतचा घोट आला. डॉक्टर म्हणाले होते, "पहिला उन्हाळा काढा. तो निघाला की जमतं." आमच्याकडच्या उन्हाळ्याविषयी वेगळं सांगायला नको. बाकी सगळी भीती मी त्या एका वाक्याला बांधली. उन्हाळा काढायचा.

वही सुरू केली. रकाने असे: तारीख, वजन, बीपी, प्यालेलं पाणी, लघवी. बाजारातून रजा घेतली होती. घरातली कामं वनिताने माझ्याकडून काढून घेतली. एकच ठेवलं, सकाळी माठ भरायचा. म्हणून वहीत शेवटचा रकाना त्याचा केला: माठात घातलेलं. मोजलेल्या दोन लिटरच्या गुंडीने मी माठ काठोकाठ भरायचो. माठातलं पाणी फक्त प्यायचं, स्वयंपाकाचं नळाचं. मुलगी प्रीती लग्न होऊन नागपूरला आहे, म्हणजे घरात आम्ही दोघंच. माझं पाणी वेगळ्या बाटलीत, म्हणजे माठातलं पिणारी वनिता एकटीच.

वनिता आमच्या पाऊण एकरात भाजीपाला लावते. पालक, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर. आता तिला आपलीच भाजी चिरून, त्यातलं पोटॅशियम निघावं म्हणून दोनदा उकळून, पाणी फेकून मला द्यावी लागायची. ते हिरवं पाणी ओतताना ती कढीलिंबाच्या झाडाला म्हणायची, "पे बाप्पा. सगळा दम तुह्याच नशिबात हाये."

ती फार गोड बोलते असं नाही. बाटलीवर तिची नजर असायची. एकदा मी बाजारात सहज गेलो आणि नळाखाली तोंड धरून प्यालो. किती ते मोजलं नाही. त्या शुक्रवारी वर्ध्याला काट्यावर मी तीन किलो सहाशे जास्त भरलो आणि बोलताना धाप लागत होती. शेजारच्या खाटेवर देवराव असतात, एसटीचे रिटायर ड्रायव्हर, चार वर्षांपासून डायलिसिसवर. ते हसून म्हणाले, "पाहा सिस्टर, आता मापारीच माल ओला आणून राह्यला."

सगळी खोली हसली. वनिता हसली नाही. घरी येताना स्टेशनवर म्हणाली, "मले इधवा व्हायची घाई नाई हाये, समजलं का?" आणि तीन दिवस कामापुरतं बोलली.

तिकडं जाऊन पी

आता ती गोष्ट.

एप्रिलचा दुसरा आठवडा असेल. नेमकी तारीख नाही, कारण वहीत याला रकाना नव्हता. दुपारची वेळ, कूलर गरम हवा फेकत होता. माझी बाटली बारा वाजताच निम्मी झाली होती आणि जीभ टाळूला चिकटत होती. वनिता वावरातून आली. पदराने मान पुसली, माठातून लोटा भरला, मान मागे टाकली आणि वरून पाणी प्यायला लागली. गट, गट, गट. सहा घोट. मी मोजले.

मी म्हणालो, "जरा तिकडं जाऊन पी ना. आवाज येते."

ती थांबली. लोट्यात अर्धं पाणी होतं. ते तिने कढीलिंबाला टाकलं. "बरं," म्हणाली आणि चूल पुसायला लागली.

मी पाच मिनिटांत विसरलो. खरं सांगतो, विसरलो.

त्यानंतर दीड महिना ती माझ्यासमोर पाणी प्याली नाही. मला हे कळलं नाही. मी रोज माझं पाणी वीस-वीस मिलीपर्यंत लिहीत होतो. माठाचाही आकडा लिहीत होतो. मार्चमध्ये रोज साडेचार लिटर घालावं लागायचं. मग अडीच. मग दोन. ऊन वाढत होतं आणि माठ कमी उतरत होता. एवढं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. एक दिवस मी त्यापुढे शेराही मारला: "नव्या माठाचा पाझर कमी झाला असावा."

वरचा मजला, खालचा मजला

मे संपता संपता एका गुरुवारी सकाळी वनिता वांगी तोडताना कमरेत धरून खाली बसली. शेजारच्या वावरातल्या लोकांनी ऑटोतून घरी आणली. अंग तापलेलं, ओठ फुटलेले, पोटऱ्यांत गोळे. ती "काही नाई, उन्हानं झालं" म्हणत होती आणि कूस बदलताना ओठ चावत होती. माझी बॅग नेहमी तयारच असते. तीच उचलली आणि वर्ध्याला नेलं. या वेळी ती माझ्या खांद्यावर टेकली होती.

डॉक्टर म्हणाले, लघवीचं इन्फेक्शन आहे, बारीक खडा आहे, आणि शरीरात पाणीच नाही. मग विचारलं, "ताई, दिवसाला पाणी किती पिता?"

माझं सकाळपासूनचं पाणी तिला मिलीमध्ये सांगता आलं असतं. स्वतःचं विचारल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मलाही सांगता आलं नाही.

संध्याकाळी तिचा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन एक पूर्णांक नऊ. तो शब्द ज्या घरात कोणाला माहीत नाही त्या घरात हा लहान आकडा वाटला असता. मी तो कागद दोन्ही हातांनी धरून जिन्यात बसलो. डॉक्टर म्हणाले होते की पाणी कमी पडल्यामुळे असू शकतं, सलाइनने उतरेल, चार दिवसांनी परत तपासू. मला फक्त "असू शकतं" ऐकू येत होतं. माझ्या आकड्याची मला कधी एवढी भीती वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ती वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात, मी खाली मशीनवर. वर तिच्या अंगात पाणी घालत होते आणि खाली माझ्यातून काढत होते. देवराव म्हणाले, "सिस्टर, एक लंबा पाइप जोडून द्या ना. याचं काढा अन् तिले लावा. दोन्ही पेशंट एकाच खर्चात."

मी हसलो आणि मग मला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. सिस्टरनी बीपी पाहिलं. देवराव छताकडे पाहत म्हणाले, "माह्या घरचा माठ आठ-आठ दिवस तसाच भरलेला राह्यते, मापारी. बायको गेल्यापासून त्यातलं पाणी मीच फेकतो."

प्रीती नागपूरहून आली होती. सिस्टरना माझी मागची वजनं हवी होती, म्हणून तिने घरून वही आणली. पुढचे तीन तास माझ्या एका हातात सुया आणि दुसऱ्या हातात वही. दुसरं वाचायला काही नव्हतं. मी माझा रकाना पाहिला, वजनाचा पाहिला. मग शेवटचा पाहिला.

बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की आकडा लपवत नाही, पाहणारा चुकतो.

रिकाम्या घरातला माठ

तरी मला खात्री करायची होती. शनिवारी तिचे कपडे आणायला मी घरी गेलो. गुरुवारी सकाळी मी माठ काठोकाठ भरला होता आणि त्यानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. दोन दिवस झाले होते. मी गुंडीने मोजून भरला. दोन लिटर सहाशे लागले. म्हणजे माठ नुसता पाझरून रोज एक लिटर तीनशे घालवत होता.

रोजचे दोन लिटर. त्यातून एक लिटर तीनशे वजा.

सातशे मिली. भर वैशाखात, उन्हात भाजी तोडणारी माझी बायको घरी दिवसाला सातशे मिली पाणी पीत होती. माझ्यापेक्षा तीनशे कमी.

मी माठाजवळ खाली बसलो. कपडे नीट पाहून घ्यायचे राहिले. साडीऐवजी दोन परकर आणि माझीच लुंगी घेऊन गेलो, त्यावरून प्रीतीचं बोलणं खाल्लं.

सवाल-जवाब

वनिता उशीला टेकून बसली होती. ताप उतरला होता. मी वही समोर धरली.

"सातशे मिली," मी म्हणालो.

"काय सातशे?"

"तू रोज एवढंच पाणी पेत होती. काऊन सांगितलं नाई?"

"काय सांगू? तुमीच म्हणले ना, तिकडं जाऊन पी. तिकडं म्हणजे कुठं अजी? दोन खोल्यांचं घर. जिकडं पाहो तिकडं तुमीच बसून राह्यता."

"मंग वावरात पेवाचं."

"पेत होती दोन घोट. तिथं सावलीत बसून पाणी पेत राह्यली तं घरी तुमी एकटे. अन् तुमचा काय भरवसा, नळाले तोंड लावाले."

मी वही खाटेवर ठेवली.

"मी एकदाच म्हणलो होतो," मी म्हणालो. "त्रासात होतो. तोंडातून निघालं."

"हाव, एकदाच म्हणले," ती म्हणाली. "पण मी प्याले लागली का तुमी कसे पाहत होते, ते तुमाले कुठं दिसते? लहान लेकरू दुसऱ्याच्या ताटाकडं पाह्यते ना, तसे. त्याच्यानं माह्याच घशाखाली उतरे ना. मंग म्हणलं मरू दे. चार दिवसांनं तहान बी मरून जाते."

तहान मरत नाही. हे मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

"माह्यं चुकलं," मी म्हणालो. लग्नाच्या सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हणालो असेन ते बोटांवर मोजता येईल, आणि एक हात पुरेल.

तिने वही घेतली, पानं चाळली. अक्षरं वाचत पुढे गेली आणि एका जागी थांबून हसायला लागली. कुशीत दुखत होतं म्हणून हात धरून हसत होती. "नव्या माठाचा पाझर कमी झाला असावा! वा रे मापारी." पलीकडच्या खाटेवरच्या बाईला तिने बोलावून दाखवलं.

सोमवारी रिपोर्ट एक पूर्णांक तीनवर आला. पंधरा दिवसांनी शून्य पूर्णांक नऊ. डॉक्टर म्हणाले, किडनी सावरली, पण यापुढे तीन लिटरच्या खाली यायचं नाही. मी त्यांना विचारलं, "वावरात असेल त्या दिवशी किती?" ते म्हणाले साडेतीन. मी लिहून घेतलं.

दुसरा रकाना

जूनमध्ये आम्ही दोघं केळझरच्या गणपतीला गेलो. तिथे ओळखीची एक बाई भेटली. तिला कुठून तरी कळलं होतं की वनिताने नवऱ्यासाठी पाणी सोडलं होतं. ती हात जोडून म्हणाली, "असा नवस कोण करते बाई आजकाल!" वनिता म्हणाली, "नवस नाई व माय, येडेपणा होता. कोणाले सांगू नको, दुसरी कोणी करन."

म्हणूनच हे लिहिलं. दवाखान्यात आम्हा पेशंटकडे दहा जण पाहतात. वजन होतं, बीपी होतं, रक्त तपासतात. खाटेशेजारच्या स्टुलावर जी बसलेली असते तिला कोणी काही विचारत नाही, आणि ती आपणहून सांगत नाही. तुमच्या फाइलमध्ये तिच्यासाठीही एक पान ठेवा. किती प्याली, जेवली का, झोपली का. मोजणारं तुमच्याशिवाय कोणी नाही.

लग्न इतकी वर्षं कशाने टिकतं, असं प्रीतीने मध्ये विचारलं होतं. तिच्या घरी काहीतरी लहानसं झालं होतं. मला सूत्र सांगता येत नाही. मला एवढंच सांगता आलं की आमच्या घरी सत्तावीस वर्षं एकाच बाजूचं माप होत होतं आणि गाडी तरीही चालली, ती तुझ्या आईमुळे. तू दोन्ही बाजूंचं कर. ती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही याइले सांगा ना." म्हणजे जावयाला. सांगितलं.

पहिला उन्हाळा निघाला. आता दुसरा चालू आहे. मी बाजारात अर्धा दिवस जातो. वहीत दोन रकाने आहेत. माझा एक लिटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, तिचा तीनच्या खाली येऊ द्यायचा नाही. तिचं पाणी मीच देतो. सकाळी दोन ग्लास, वावरात जाताना दोन लिटरची बाटली, आल्यावर लोटा. ती कुरकुरते. "पोट का माठ हाये माह्यं?" मी घड्याळ दाखवतो.

काल दुपारी पंचेचाळीसच्या वर ऊन होतं. माझ्या बाटलीत संध्याकाळपर्यंत पुरवायचं दोनशे मिली उरलं होतं. वनिता वावरातून आली. मी लोटा भरून दिला. तिने मान मागे टाकली आणि माझ्यासमोर, माझ्याकडे पाहत, प्यायला लागली. मध्येच थांबली.

"आवाज येते का?"

"येते."

"जाऊ का तिकडं?"

"नाई," मी म्हणालो. "इथंच पी. पूर्ण पी."

तिने लोटा पूर्ण केला आणि उलटा करून दाखवला. मी वही ओढली आणि तिच्या रकान्यात लिहिलं: सहाशे.